चयापचय मंदावतं कशानं?

दिवसभरात शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा ६० ते ७० टक्के भाग हृदय, मेंदू, यकृत यांचं काम अखंड चालू ठेवण्यातच जातो. हा खर्च सर्वाधिक घटवणारी सवय म्हणजे वजन उतरवण्यासाठी अर्धपोटी राहणं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवलं. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला, नाडी मंदावली, सारखी थंडी वाजू लागली. ‘क्रॅश डाएट’ करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरी सवय आपल्या स्वयंपाकघरातली. सकाळी चहा-बिस्किटं आणि दुपारी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यात उरलेला भात, वर आमटीचं नुसतं पाणी. डाळ तोवर संपलेली. असं जेवण कितीतरी बायकांच्या वाट्याला रोज येतं, आणि ते बदलायलाच हवं. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात आणि ऊर्जेचा खर्चही उतरतो. शिवाय प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेतली २० ते ३० टक्के ती पचवण्यातच खर्च होते. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के.

तासन्‌तास बैठक हेही कारण आहेच.

वयाला मात्र उगाच दोष दिला जातो. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं तर २० ते ६० या वयात चयापचयाचा वेग जवळपास स्थिर असतो. चयापचय मंदावण्यामागे थायरॉइडही असू शकतं. म्हणून खाण्यापिण्यात बदल नसताना वजन वाढत असेल, थकवा आणि बद्धकोष्ठता असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.