नैऋत्य कोपऱ्यापासून किती आत?

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात पीक कापणी प्रयोग होतो, तेव्हा शेतातला नेमका कोणता तुकडा कापायचा हे शेतकरी ठरवत नाही आणि सहायक कृषी अधिकारीही नाही. ते ठरवतो एक आकडा. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून इतके पुढे, इतके आत मोजायचे आणि पोचू तिथे चौकट आखायची, मग पीक तरारलेले असो की करपलेले. उत्पन्नावर आधारित विमा भरपाईच्या हिशेबात ही कापणी धरली जाते. ही नमुना-पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते.

हाच आकडा संगणकाच्या सी भाषेत काढू. समजा, शेताची लांबी १०० मीटर आणि चौकट १० मीटरची. चौकट ० ते ९० यांपैकी कुठल्याही मीटरवर सुरू होऊ शकते, म्हणजे ९१ जागा. रँड() हे कुठलाही एक आकडा देणारे फंक्शन आणि % म्हणजे भागून उरलेली बाकी. सूत्र असे:

किमान + रँड() % (कमाल − किमान + १)

शेवटचा तो १ विसरलात, तर ९० कधीच येणार नाही. बांधालगतचे पीक कायमचे सुटेल.

आणि रँड() आकडा आणते कुठून? निव्वळ गुणाकार-बेरजेतून! सी च्या मानकातच नमुना दिला आहे: आधीच्या संख्येला ११०३५१५२४५ ने गुणा, १२३४५ मिळवा, मधला भाग घ्या. बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, तेच दिले तर आकड्यांची रांगही तीच. म्हणून सुरुवातीला एकदाच, बीज ठरवणाऱ्या एसरँड() ला घड्याळातली वेळ देतात. ठरलेल्या गणितातून इतके बेभरवशाचे दिसणारे काही निघावे, याचे मला आजही नवल वाटते.

मात्र बाकी काढण्यात एक खोच आहे. रँड() ० ते ३२७६७ देत असेल आणि २०,००० शेतांतून एक निवडायचे असेल, तर २०,००० पासूनचे आकडे पुन्हा पहिल्या शेतांवरच येऊन पडतात. पहिल्या १२,७६८ शेतांना दुप्पट संधी! उपाय सोपा: २०,००० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर टाकून द्यायचा, नवा काढायचा. नमुना-पाहणीतही बाकीची रीत वापरताना वरचे उरलेले आकडे असेच सोडतात.

तुमच्या शिवारात पीक कापणी असेल, तेव्हा हजर राहा आणि आकडा कसा निघाला ते जरूर विचारा.