एक अशक्य गोष्ट, बाकी सारं खरं

यंदाच्या दिवाळीत एकच विज्ञानकथा वाचणार असाल, तर जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. तिथं पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत आणि मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी अजून ठाण मांडून बसली आहे. हे असं कसं झालं, याचा शोध घ्यायला ते कुणा जादूगाराकडे किंवा यंत्राकडे जात नाहीत. अस्सल इतिहासकारासारखे ते ग्रंथालय गाठतात, पुस्तकं मागवतात आणि जिथून इतिहासाला फाटा फुटला ती जागा शोधू लागतात. ती जागा बखरीत सापडते. 14 जानेवारी 1761 ला आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली, ते पडले आणि सैन्याचा धीर खचला. तिथल्या जगात तीच गोळी कानाजवळून निघून गेली.

बस्स, बदल एवढाच. पुढचं सगळं त्या गोळीच्या मागोमाग येतं. तुम्ही-आम्ही शाळेपासून पानिपतच्या पराभवाची जी सल बाळगून आहोत, तिच्यावरच लेखकानं बोट ठेवलं आहे. आणि मग पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा आधार घेऊन तो विचारतो : सूक्ष्म कणांच्या बाबतीत एकाहून अधिक शक्यता जर खऱ्या मानायच्या, तर इतिहासाच्या बाबतीत का नाही? या कथेचं इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आलं, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी पानिपतची ही दुसरी बाजू वाचली. मूळ मराठीत वाचताना मात्र ती जास्त आत शिरते, कारण 'पानिपत' हा शब्द आपल्याकडे नुसतं गावाचं नाव राहिलेला नाही.

कोणतंही पुस्तक सुचवताना मी हीच कसोटी लावतो. अशक्य गोष्ट एकच असावी आणि तिच्यानंतरचा हिशेब चोख असावा. दर पाच पानांनी नवा चमत्कार काढणाऱ्या लेखकाला स्वतःच्या पहिल्या कल्पनेवर विश्वास नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ही कसोटी विज्ञानकथेला लागू पडते तशीच अद्भुतकथेलाही पडते, म्हणून या दोघींना वेगवेगळ्या कपाटांत कोंडायला मी तयार नाही.

नारळीकरांची पुढची पायरी म्हणजे 1979 साली आलेला 'यक्षांची देणगी' हा संग्रह. यातली 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव. परीक्षकांनी शास्त्रज्ञाचा दबदबा बाजूला ठेवून फक्त कथा पाहावी, हा त्यामागचा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो. पण या संग्रहातली माझी लाडकी कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. कागदाची एक पट्टी घ्या, तिला एक पीळ द्या आणि टोकं चिकटवा. ही झाली मोबियसची पट्टी. तिच्यावरून एक चपटी आकृती सरकवत पूर्ण फेरी मारून आणली, की तिचं डावं-उजवं उलटतं. आता हेच जिवंत माणसाच्या बाबतीत झालं तर? नारळीकरांनी हा प्रश्न घरातल्या गणपतीपर्यंत आणि क्रिकेटच्या मैदानापर्यंत आणून सोडला आहे. कथा वाचून झाल्यावर घरातल्या मुलांना कात्री आणि कागद देऊन ती पट्टी करायला लावा.

नारळीकर आवडले तर त्यांच्या गुरूंकडे जा. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि हॉईल स्वतः कादंबरीकार होते. 1957 ची त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' मी दरवेळी आग्रहानं सुचवतो. वायूचा एक प्रचंड ढग सूर्याकडे येतो, उजेड अडवतो, पृथ्वीवर हाहाकार माजतो. हळूहळू शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं, की हा ढग विचार करतो. फळ्यावरची आकडेमोड, मतभेद, राजकारण्यांशी खटके हे सगळं इतकं अस्सल आहे, की त्या विचार करणाऱ्या ढगावर आपला विश्वास बसतो. गुरु-शिष्यांमधलं साम्य इथं दिसतं : दोघांनाही शास्त्रज्ञ काम कसं करतो हे दाखवण्यातच रस आहे.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांत 'वामन परत न आला' पहिली घ्या. जमिनीत खोलवर एक पेटी सापडते, तिच्यात लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीचं ज्ञान आहे आणि त्या ज्ञानातून घडतो वामन नावाचा यंत्रमानव. ती संस्कृती इतकी पुढे गेलेली होती, तर ती नष्ट का झाली? हा प्रश्न ज्यांनी वेळेवर विचारायला हवा, ते यशाच्या आनंदात विचारत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज घरोघरी चर्चा चालते. त्या चर्चेआधी ही छोटी कादंबरी वाचलेली बरी.

मराठी विज्ञानकथा नारळीकरांपाशी थांबत नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. सुबोध जावडेकरांचे 'गुगली' आणि 'वामनाचे चौथे पाऊल' हे संग्रह शोधा. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाइन' वाचा. अरुण साधू म्हटलं की 'सिंहासन' आठवतं, पण त्यांनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरीही लिहिली आहे. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी'ही चुकवू नका. परदेशात वाढलेल्या ज्या नातवंडांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बाळ फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा नॅशनल बुक ट्रस्टचा 1993 चा इंग्रजी संग्रह आहे. त्यात इतर भारतीय भाषांतल्या लेखकांबरोबर मराठी लेखकही भरघोस भेटतात.

आता अद्भुताकडे. नारायण धारप म्हणजे भयकथा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. 'गोग्रॅमचा चितार' आणि 'नेनचिम' या त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या की हा लेखक विज्ञान आणि अद्भुत यांच्या सीमेवर किती मोकळेपणानं वावरत होता ते कळतं. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, तरी तिच्यातला अंधार आपल्याकडचा आहे. 'तुंबाड' हा 2018 चा चित्रपट पाहिलेल्या तरुण मंडळींना धारपांपर्यंत नेणं सोपं आहे, कारण त्या चित्रपटामागे त्यांच्या एका कथेची प्रेरणा आहे. रत्नाकर मतकरींची 'खेकडा' रात्री एकट्यानं वाचू नये एवढंच सांगतो.

जी. ए. कुलकर्णींना कुणी या यादीत बसवत नाही. मला तर 'रमलखुणा' हे मराठीतलं सर्वांत मोठं अद्भुतलेखन वाटतं. 1975 च्या या पुस्तकात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा आहेत. कुठल्याही नकाशावर नसलेले प्रदेश, वाळवंटं, देवळं, भविष्यवाण्या आणि नियतीला समजून घ्यायला निघालेली माणसं. जी.एं.नी त्या जगाची वंशावळ दिली नाही, इतिहास सांगितला नाही, तरी तिथले नियम पक्के आहेत आणि कुणालाही त्यांतून सुटका नाही. ज्यांना टॉल्किन आवडतो, त्यांनी हे पुस्तक घ्यावं. मात्र त्यात टॉल्किनच्या हॉबिटांच्या 'शायर'सारखं सुखाचं गाव नाही आणि परतून येण्याचा दिलासाही नाही. घाईनं वाचू नका. एका बैठकीत दहा-बारा पानं पुरेत. एखादं वाक्य मोठ्यानं वाचून पाहा, म्हणजे त्याची लय सापडेल.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर भा. रा. भागवत. 'फास्टर फेणे'मुळे त्यांची बाकीची कामगिरी झाकली गेली. ज्यूल व्हर्नला त्यांनी मराठी मुलांच्या घरचा माणूस करून टाकलं. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' आणि 'समुद्र सैतान' यांचं मराठी पळतं, दम लागेपर्यंत पळतं. 'उडती छबकडी' ही त्यांची स्वतंत्र करामत. व्हर्न मराठीत त्यांच्याही आधी आला होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्णाजी आठल्यांनी 'केरळकोकिळ' मासिकातून त्याची चंद्रसफर मराठी वाचकांना घडवली. नाथमाधवांची 'वीरधवल' ही तर आपल्या पणजोबांच्या पिढीची आवडती कादंबरी. आज तिची भाषा जड वाटेल, तरी पहिली पन्नास पानं नेटानं वाचा.

यांतली काही पुस्तकं दुकानात मिळतील, काहींसाठी हिंडावं लागेल. गावातलं जुनं वाचनालय आधी गाठा आणि कपाटात दुसऱ्या रांगेत मागे ढकललेली पुस्तकं पाहा. अनंत अंतरकरांनी काढलेल्या 'नवल'चे जुने दिवाळी अंक दिसले तर लगेच उचला, कारण पुढे कोणत्याही संग्रहात न आलेल्या कथा अशाच अंकांत राहून गेल्या आहेत. आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' आधीच वाचलेली असेल, तर थेट 'रमलखुणा'नं सुरुवात करा.