वसईच्या किल्ल्याची शाकारणी

वसईच्या किल्ल्यावरचे आपले बहुतेक लेखन मे 1739 पाशी थांबते. चिमाजीअप्पांचा वेढा, सेबस्तियन बुरुजाखालचे सुरुंग, पोर्तुगिजांची शरणागती, एवढे सांगून झाले की किल्ल्याची कथा संपते. मला त्यापुढचा प्रश्न अनेक वर्षे सतावतो आहे. आतली चर्चे आणि मठ आज छपराविना का उभे आहेत? तोफगोळ्यांनी पडझड झाली असेलच, पण तेवढ्याने पुढच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा हिशेब लागत नाही.

पहिला संशय वादळावर जातो, आणि तो अकारण नाही. मे 1618 मध्ये या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आले. चर्चची छपरे उडाल्याच्या आणि झाडे उन्मळून पडल्याच्या नोंदी आहेत. चारशे वर्षांनी, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मुंबईत वाऱ्याने ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडला. दुसरा संशय भूकंपाचा. नोव्हेंबर 2018 पासून आपल्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. भूकंपात जुन्या दगडी बांधकामाचे काय होते, ते 26 जानेवारी 2001 ला भुजच्या आयना महाल आणि प्राग महाल यांनी दाखवले आहे.

पण 1618 नंतर काय झाले? वसई पुन्हा उभी राहिली आणि आणखी 121 वर्षे पोर्तुगिजांच्या हाती नांदली. उडालेली छपरे परत घालायला माणसे होती. 1739 नंतर ती वस्ती उठली. चर्चच्या घंटा निघाल्या. मेणवली, भीमाशंकर इथल्या पोर्तुगीज घंटांचे नाते वसईच्या मोहिमेशी जोडले जाते. ज्या मनोऱ्यात घंटा नाही, त्यावर दुरुस्तीला कोण चढणार?

कोकणातल्या माणसाला शाकारणी समजावून सांगावी लागत नाही. आगोटीला कौले चाळायची, फुटके नळे बदलायचे, झडीच्या बाजूला झाप बांधायचे. एक वर्ष चुकले तर घर गळते, चार वर्षे चुकली तर वासे कुजतात. किल्ल्यातल्या वास्तूंनाही हाच नियम लागू आहे.

इथल्या जाड भिंतींची रचना पाहिली की हे कळते. बाहेरच्या दोन्ही अंगांना दगडाची बांधणी आणि मध्ये चुन्यात घातलेली डबराची भरणी. छप्पर आणि गिलावा असेपर्यंत चुना कोरडा राहतो. छप्पर गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो. वसईत वर्षाला सरासरी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी माथ्यातून आत शिरते, भरणीतला चुना हळूहळू धुऊन नेते आणि भिंत आतून पोकळ होते. बाहेरचे दगड मात्र जागच्या जागी दिसतात.

तिथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचे बी पडते. मुळे ओल शोधत पोकळीत उतरतात, जाड होतात आणि दगड बाहेर ढकलतात. समुद्रावरून येणारे मीठ दगडाच्या छिद्रांत मुरते. हिवाळ्यात ओल सुकली की त्याचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला वादळ किंवा भूकंप शेवटचा धक्का देतो. वर्तमानपत्रात बातमी त्या धक्क्याची येते; आधीच्या पावसाळ्यांची कोणी देत नाही.

याचा पडताळा किल्ल्याबाहेरच मिळतो. नंदाखाल, सांडोर, पापडी इथल्या चर्चची परंपरा पोर्तुगीज काळातलीच. इमारतींत अनेकदा फेरफार झाले, पण पाऊस तोच, खारा वारा तोच. तिथे रोज प्रार्थना होते, म्हणून गळती लगेच दिसते आणि बुजवलीही जाते.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकाबाबत हाच प्रश्न आहे. तिच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईकडून नेलेला. बाकीच्या जांभ्या दगडावरचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला. दगड उघडाच ठेवावा की गिलावा परत करावा, हा वाद अजून चालू आहे. जांभा सच्छिद्र असल्याने गिलावा हे त्याचे पावसापासूनचे रक्षण होते, असे माझे मत आहे.

वसईत सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या कोरीव थडग्यांच्या शिळा अजून आहेत. त्यांवरची अक्षरे झिजली तर त्या माणसांचा तो लेखी पुरावा गेला. त्यासाठी लागणारी कामे साधी आहेत. भिंतींचे माथे चुन्याने उताराला बांधून घ्यावेत, दर्जा चुन्यानेच भराव्यात. तिथे सिमेंट नको. ते ओल आत कोंडते आणि मऊ दगड आधी झिजतो. रोपटे बोटभर असतानाच काढावे, कारण मूळ जाड झाल्यावर ओढले तर दगडही येतो. आणि एकाच जागेवरून पावसाळ्याआधी व नंतर भेगांची छायाचित्रे घ्यावीत.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून भिंतीला परस्पर कोणी हात लावू नये. छायाचित्रे मात्र कोणीही घेऊ शकतो. भिंत कोसळल्यावर निघणाऱ्या मोठ्या निधीपेक्षा दर मे महिन्यात ठरलेली छोटी रक्कम आणि चुना जाणणारे चार गवंडी, एवढी मागणी आपण वसईकरांनी लावून धरली पाहिजे.