खरखर माइकची की वायरीची?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते, तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचे गोल रिंगण. हे चित्रित करणाऱ्यांत एकजण लांब काठी डोक्यावर धरून उभा असतो. काठीच्या टोकाला माइक असतो. ही काठी म्हणजे बूम. रिंगण काही पुन्हा करून दाखवत नाहीत. म्हणून त्याच वेळी हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली, की बूमवाल्याचा जीव टांगणीला लागतो.

पहिला संशय महागड्या माइकवर जातो. गुन्हेगार पुष्कळदा काठीच्या पोटात असतो. बूमच्या नळ्या एकात एक सरकणाऱ्या. म्हणून आतली वायर जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी वेटोळ्यांची असते. काठी हलवली की ती नळीच्या भिंतीवर आपटते. माइकचा संकेत असतो जेमतेम काही मिलीव्होल्टचा. वायर वाकताना तिचे आवरण आणि आतली तांब्याची जाळी एकमेकांवर घासून विद्युतभार तयार होतो. थंडीत स्वेटर काढताना चटचट होते, तोच प्रकार. हा भार अतिशय थोडा. पण मूळ संकेतच इतका बारीक, की तोही ऐकू येतो.

दवाखान्यात हेच ईसीजीच्या वेळी घडते. हृदयाचा संकेत त्वचेवर साधारण एक मिलीव्होल्टचा. रुग्ण थरथरला, वायर ओढली गेली किंवा चकती सैल झाली, की कागदावरची रेघ नाचू लागते. कधी ती हृदयाच्या खालच्या कप्प्यांची जीवघेणी धडधड वाटावी इतकी हुबेहूब असते. अशा रेघेवर विसंबून नको ती औषधे आणि तपासण्या झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून यंत्राआधी रुग्णाकडे, नाडीकडे आणि वायरीकडे पाहायचे असते.

बूमची तपासणीही याच वळणाने जाते. काठी स्थिर धरून ऐकावे. मग हळूच हलवावी. धप्‌धप् असा बोथट आवाज आला तर वायर आपटते आहे. तडतड झाली तर जोड सैल आहे किंवा आतली तार तुटत आली आहे. आता आतली वायर सोडून दुसरी चांगली वायर काठीच्या बाहेरून, चिकटपट्टीने बांधून जोडावी. खरखर थांबली, तर निदान झाले. नाही थांबली, तर मात्र माइक, त्याची पकड किंवा रेकॉर्डर तपासायला हवा. पावसाळ्यात आणखी एक शक्यता असते: काही कंडेन्सर माइक ओलाव्यानेच तडतडतात. तो कोरड्या जागी ठेवल्यावर आवाज गेला, तर वायरीला उगाच दोष देऊ नये.

दुरुस्ती अवघड नाही. घाई मात्र नडते. आधी माइकला जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करावा. मल्टिमीटरने तिन्ही पिना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासाव्यात आणि तपासताना वायर हलवत राहावी. स्थिर असताना चांगली वाटणारी तार हलवल्यावर तुटकपणा दाखवते. वायर बहुधा प्लगच्या तोंडाशीच तुटते. तेवढा तुकडा कापून नवे सोल्डरिंग करावे आणि वायरीचा ताण सोल्डरवर न येता प्लगच्या पकडीवर येईल असे पाहावे. वेटोळीच ढिली पडून आपटत असतील, तर वायर बदलणे उत्तम. मिरवणुकीपुरते काम भागवायचे असेल, तर बाहेरून बांधलेली वायर पुरते.

याहून महत्त्वाची गोष्ट काठीबद्दलची. बूम ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असते आणि दोन्हींतून वीज वाहते. कार्बन फायबर प्लॅस्टिकसारखे दिसते, म्हणून ते सुरक्षित वाटते, एवढेच. नजर रिंगणाकडे आणि कान हेडफोनमध्ये असताना डोक्यावरच्या विजेच्या तारांकडे कोण पाहतो? ११ हजार व्होल्टच्या तारेला टेकायचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडी मारू शकते. वर तारा असतील तिथे बूम उभारूच नये.

कुणाला असा धक्का बसलाच, तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. घरगुती विजेला लाकडी काठीने दूर सारण्याचा उपाय इथे चालत नाही. मदतीला गेलेलाही सापडतो. महावितरणला आणि १०८ ला ताबडतोब फोन करावा. पुरवठा बंद झाल्यावर माणूस श्वास घेत नसेल, तर छातीदाब सुरू करावा. तो उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. विजेने हृदयाची लय बिघडू शकते आणि बाहेरची जखम लहान असूनही आतले स्नायू भाजलेले असू शकतात. तिथे त्याचा ईसीजी काढतील. त्या वेळी हातपाय सैल सोडून निश्चल पडून राहायला त्याला सांगावे.