आधी कारण, मग पिस्टन

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यावरचे आंबे-फणस हटवायला कुऱ्हाड कुठे पुरी पडणार? घराघरांतले लाकूड कापायचे साखळीचे कटर बाहेर निघाले, उसने गेले, दिवसभर धडधडत राहिले. त्या धबडग्यात जाम झालेला एक जुना हुस्क्वर्ना 61 पुढे कधीतरी माझ्याकडे आला. इंजिन 61.5 सीसीचं, टू-स्ट्रोक. इंजिन उघडण्याचा माझा अनुभव स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे गेलेला नव्हता.

ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच: "पिस्टन-रिंग टाका, चालू होईल." होईलही. पण पहिला पिस्टन कशाने गेला हे कळल्याशिवाय दुसरा टाकला, तर तोही त्याच वाटेने जाणार. नवशिक्याने पाना हातात घ्यायच्या आधी एवढं मनात पक्कं करावं.

सुरुवात सायलेन्सरपासून करायची. तो उतरवला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. टॉर्च धरून स्टार्टरची दोरी हळूहळू ओढायची. निरोगी पिस्टनवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेघा दिसतात. इथे त्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि वरून खाली उभे ओरखडे गेले होते. ओरखडे कुठे आहेत यावरून बरंच कळतं. ते इनटेकच्या बाजूला असतील, तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली असं समजावं. पिस्टनभर चौफेर असतील, तर कुणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल ओतलं असण्याचा संशय घ्यावा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर इंजिन पेट्रोल कमी आणि हवा जास्त घेऊन तापलं. माझ्या मशीनचे ओरखडे या तिसऱ्या जातीचे होते.

आता जादा हवा कुठून आली ते शोधायचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाही एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा-ऑइल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. बेरिंगांना आणि पिस्टनला वंगण मिळतं ते याच मिश्रणातून. क्रँकच्या दोन टोकांना, मॅग्नेटच्या आणि क्लचच्या बाजूला, रबराची ऑइल सील असतात. ती कडक होऊन चिरली की पोकळी होताच बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, वंगण घटतं आणि उष्णता वाढते.

ही गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दाबाची चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावून बंद केली. डॉक्टरांच्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल प्लगच्या भोकाला जोडला. डायलवर पाऱ्याच्या 300 मिमीपर्यंत, म्हणजे साधारण 0.4 बार, दाब भरला आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. सिलिंडरचं पॅकिंग कोरडं राहिलं, मॅग्नेटची बाजूही. क्लचच्या बाजूला मात्र शाफ्टभोवती बारीक फेस धरू लागला आणि डायलचा काटा सावकाश उतरू लागला. पिस्टन तिथे मेला होता. दाब टिकला तरी व्हॅक्यूमचीही चाचणी घ्यावी लागते, कारण सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टला चिकटते आणि पोकळीत सुटू शकते.

त्या सीलपर्यंत पोचायला क्लच काढावा लागतो. त्याचे आटे उलटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारतात. त्याआधी पिस्टनने पोर्ट झाकलेत याची खात्री करायची, नाहीतर दोरी पोर्टच्या कडेत अडकते.

मग सिलिंडर. तालुक्याच्या लेथवाल्याने तो हातात घेतला आणि सवयीने म्हणाला, "बोअर मारून देतो, ओव्हरसाइज पिस्टन टाका." राजदूतच्या बिडाच्या बोअरला हा उपाय रास्त आहे. इथे सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि आतून निकेलचा अतिशय कठीण, पातळ थर. लेथवर धरला की थरच जाणार. आतले ओरखडे बहुतेकदा थरावरचे नसतातच. ते पिस्टनचं वितळून चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं. फरशी धुण्याचं ॲसिड कापसाच्या काडीने नेमकं तिथेच, उघड्या हवेत आणि हातमोजे घालून लावलं की फसफसून ॲल्युमिनियम विरघळतं, निकेल तसंच राहतं. फसफस थांबली की भरपूर पाणी आणि मग बारीक पॉलिश पेपर. पण थर कुठे उडालेला असेल तर ॲसिड खालचा सिलिंडरच खातं, म्हणून आधी नखाने चाचपून पाहायचं. खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्यावा.

नव्या पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो एक्झॉस्टकडे. रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत, नाहीतर फिरता फिरता ती पोर्टमध्ये अडकून मोडतात. गजन पिनच्या सर्क्लिपचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही. मिनिटाला 12,000 फेऱ्यांत पिस्टन सेकंदाला 400 वेळा दिशा बदलतो. त्या हिसक्यांत आडवी क्लिप दबून सुटू शकते, आणि सुटलेली क्लिप बोअर उभा चिरते.

सील, पिस्टन आणि पॅकिंग बसवून पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. त्यानंतरच कार्बोरेटर उघडला. कटर आडवा-तिरपा कसाही धरतात, म्हणून त्यात फ्लोट नसतो. पेट्रोल ओढायचं आणि मोजून सोडायचं काम रबरी पडदे करतात. वर्षानुवर्षं पेट्रोल आत राहिलं की पडदे कडक होतात. ते बदलले, पेट्रोलची नळीही बदलली.

राहता राहिलं पेट्रोल-ऑइलचं माप. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50 ला 1 म्हणजे 20 मिली. हुस्क्वर्ना स्वतःच्या ऑइलला 50 ला 1 सांगते. हे अंदाजपंचे ओतायचं काम नव्हे; औषधाच्या मापाने मोजावं.

मशीन सुरू झाल्यावर खरा मोह येतो तो कार्बोरेटरवरच्या एच स्क्रूचा, म्हणजे पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणाऱ्या स्क्रूचा. तो आवळला की पेट्रोल कमी होतं, फेऱ्या चढतात आणि आवाज सणसणीत, स्वच्छ येतो. शेजारीपाजारी खूश होतात. याच आवाजात पिस्टन जळतो. नीट लावलेलं इंजिन पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, जरा फाटका, अडखळता आवाज देतं आणि लाकडात बसताच साफ होतं. "अजून थोडं आवळा की, आवाज फाटतोय," असं बघणारा कुणीतरी म्हणतोच. तेव्हा स्क्रूड्रायव्हर खिशात घालायचा आणि ओंडका पुढे ओढायचा.