बुडाची कड

भात निसवायला लागलं की कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या शेतांत रानडुकरं उतरतात. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरातून मग ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर राखणीला बाहेर निघते. बारा बोअर मोडून नळी खाली झुकवली की काडतूस बोटभर वर येतं, कारण त्याच्या पितळी बुडाला बाहेर निघालेली कड असते. ती कड म्हणजे रिम. हत्यारांचा अभ्यास करणाऱ्याने आधी काडतुसाचं बूड पाहावं असं मला वाटतं. बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या खडकीच्या, १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्कासुद्धा तिथेच उमटलेला असतो.

रिव्हॉल्व्हरचा सगळा संसार या कडेवर चालतो. काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचं ते कड ठरवते. घोडा आदळतो तेव्हा त्याला पुढे सरकू न देणारीही तीच, आणि बार झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या बाहेर लोटणारी चांदणी तिच्याच खाली हात घालते. पिस्तुलाचं गणित उलटं. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचायची असल्याने तिथे कड कडेत अडकते. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेरची कड ठेवली नाही, बुडाशी खाच पाडली. लष्करी ९ मिमी काडतुसाचं बूड आणि अंग जवळजवळ एकाच मापाचं असतं. असं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर चांदणीने धरायचं काय?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो १९१७ साली, युद्धाच्या घाईत. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिचं अधिकृत हत्यार होतं पॉइंट ४५चं कोल्ट पिस्तूल, पण ते पुरेना. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्या ब्रिटिशांसाठी मोठी रिव्हॉल्व्हरं आधीच बनवत होत्या. त्यांचीच चेंबरं पिस्तुलाच्या काडतुसासाठी कोरायचं ठरलं. स्मिथ अँड वेसनच्या जोसेफ वेसन यांनी पातळ पोलादाची अर्धचंद्राकृती पट्टी काढली. तीन काडतुसांच्या खाचा तिच्यात बसतात, दोन पट्ट्यांत सहा. काडतुसाला नसलेली कड या पट्टीने उसनी दिली. लष्कराच्या विनंतीवरून कंपनीने ती प्रतिस्पर्धी कोल्टलाही वापरू दिली. दोघींनी मिळून सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरं केली.

संग्राहक आजही या दोन भावंडांतला फरक चवीने सांगतात. सुरुवातीच्या कोल्टची चेंबरं सरळ कोरलेली होती. पट्टीवाचून काडतूस आत घसरायचं आणि घोडा पडूनही बार व्हायचा नाही. स्मिथ अँड वेसनच्या चेंबरमध्ये काडतुसाचं तोंड टेकायला पायरी होती, त्यामुळे पट्टी नसली तरी गोळी सुटे. पुंगळ्या मात्र काडीने एकेक ढोसून काढाव्या लागत. युद्धानंतर, १९२० साली, पीटर्स कंपनीने याच रिव्हॉल्व्हरांसाठी पॉइंट ४५च्या काडतुसाला जाड कड लावून विकायला आणलं.

पुढे अर्धचंद्राचा पूर्ण चंद्र झाला आणि सहाही गोळ्या एका चकतीत आल्या. जी सोय निरुपायाने झाली होती तीच वेगाची किल्ली ठरली. १९९९मध्ये जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या. एकूण वेळ २.९९ सेकंद! हातात पिस्तुलाचं काडतूस घेणारं रिव्हॉल्व्हरच होतं. पट्टीच नको म्हणणारेही झाले. स्मिथ अँड वेसनच्या ५४७ क्रमांकाच्या ९ मिमी रिव्हॉल्व्हरात पुंगळीच्या खाचेत शिरणारी बारीक बोटंच चांदणीला बसवली होती. १९८० ते १९८५ एवढंच त्याचं आयुष्य, म्हणून आज ते संग्राहकांना हवंसं.

हा संग्रह आपल्याकडे का होऊ शकत नाही, याचं उत्तरही कडेपाशीच मिळतं. आपल्या १९६२च्या, २०१६पर्यंत लागू असलेल्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात निषिद्ध हत्यारांमध्ये पॉइंट ३८० आणि पॉइंट ४५५ची कडेची काडतुसं घेऊ शकणारी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं होती, तशीच लष्करी ९ मिमी 'रिमलेस' काडतूस घेऊ शकणारीही. हत्याराचं नाव काहीही असो, त्याच्या चेंबरमध्ये काय मावतं ते कायदा बघतो. फौजेचा दारूगोळा खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा हिशेब.

हिशेब जुनाच आहे. १८७८चा शस्त्र कायदा आला आणि पुढच्याच वर्षी पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं. इंग्रजांनी आपल्याच हिंदुस्थानी पोलिसांच्या हातीही पॉइंट ४१०ची मस्केट दिली. तिचं काडतूस म्हणजे पॉइंट ३०३ची पुंगळी, पण मान न आवळलेली. बेचाळीसच्या लढ्यात माथेरानला जन्मलेल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच कर्जत भागात मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कुणाच्या हाती कोणतं काडतूस असावं हे सत्तेने किती बारकाईने ठरवलं होतं, ते या हुतात्म्यांच्या अभिवादनाला जाताना आठवावं.

आज परवानाधारकाला मिळतं ते 'बत्तीस'. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं बत्तीस कडेचं. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं, आखूड, नावापुरती अर्धी कड असलेलं. एकाच नावाची ही दोन काडतुसं कुणी अदलाबदल करून वापरू नयेत. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. मर्यादेला माझी हरकत नाही. पण जमा झालेली जुनी हत्यारं नष्ट करण्याआधी त्यांची मापं, शिक्के आणि छायाचित्रं नोंदवली जावीत, आणि दुर्मीळ असेल ते निकामी करून संग्रहालयात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. मुळात पूर्णपणे निकामी झालेल्या जुन्या हत्यारांना १९५९च्या कायद्याच्या कलम ४५मध्ये सूटही आहे.

आपल्या नेमबाजांकडे मात्र याच कोड्याची उलटी बाजू आहे. सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत बहुतेक जण रिव्हॉल्व्हरचं, कडेचं बत्तीस काडतूस अर्धस्वयंचलित पिस्तुलातून झाडतात. पाच गोळ्यांचं मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे आहे ना, हे दर वेळी बोटाने चाचपावं लागतं.