पासिंगच्या आधीचे स्नान

गाडी पासिंगला न्यावयाची तारीख जवळ आली, की हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील वॉशिंग सेंटरवर एक विशिष्ट लगबग दृष्टीस पडते. ज्या बॉनेटखाली मालकाने वर्षभर ऑइल ओतण्यापलीकडे लक्ष घातलेले नसते, ते आदल्या सायंकाळी उघडले जाते, आणि डिझेलच्या फवाऱ्याने व पाण्याच्या झोताने आतील यंत्र असे चकाकवले जाते, की सकाळी तपासणी अंमलदारांपुढे नवे इंजिनच उभे केले आहे असा भास व्हावा. इंजिन धुणे निरर्थक आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण ते आदल्या सायंकाळी धुणे मात्र निव्वळ अविचार होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये मालवाहू व प्रवासी वाहनांस योग्यतेचा दाखला आवश्यक असतो; त्यासाठीची तपासणी म्हणजेच पासिंग. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत त्याची मुदत दोन वर्षांची, पुढे एकेका वर्षाची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. केंद्रीय नियमावलीच्या ६२ व्या नियमात तपासणीच्या बाबी नमूद केल्या आहेत: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आरसे, हॉर्न, वायपर, सायलेन्सर, धूर इत्यादी. इंजिनाच्या झळाळीचा त्यात उल्लेखही नाही. धुराचेच पाहावे, तर बाहेरून कितीही धुतले तरी नळीतून निघणारा काळा लोट तिळमात्र कमी होत नाही. तो अवलंबून असतो एअर फिल्टर, पंप आणि नोझल यांवर. सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि हळद पॉलिश करताना उडणारी पिवळी भुकटी ज्या जिल्ह्यात हवेतच असते, तेथे बॉनेट उघडल्यावर प्रथम हात घालावयाचा तो या फिल्टरला, आणि त्यानंतर रेडिएटरच्या जाळीला.

मग इंजिन धुवावयाचे कशासाठी? गळती कोठे आहे ते कळावे म्हणून. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा एखाद्या जीर्ण ऑइल सीलमधून झिरपणारे तेल खाली ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, आणि काही महिन्यांत सर्व बाजू सारख्याच किटणाने झाकल्या गेल्यामुळे कसूर नेमकी कोणाची, हे जाणत्या मिस्त्रीसही सांगता येत नाही. म्हणून तारखेच्या आठ-दहा दिवस आधी इंजिन स्वच्छ करावे, गाडी नित्याप्रमाणे चालवावी, आणि मग ओलसरपणाचा सर्वांत वरचा बिंदू शोधावा. उगम तेथेच असतो, खालचा सारा पसारा त्याचाच. रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा पसरून ठेवला, तर सकाळी त्यावरील डागाचा रंगही बोलतो: काळपट असेल तर बहुधा इंजिन ऑइल, हिरवट वा गुलाबी असेल तर रेडिएटरमधील कूलंट. आदल्या सायंकाळी धुणारा मालक हा पुरावा स्वतःच नष्ट करतो, आणि सदोष सीलसह दाखला घेऊन घरी येतो.

धुण्याची रीतही सांभाळावी लागते. इंजिन कोमट असावे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले तर त्यास तडा जाण्याचे भय असते. बॅटरीची मायनस बाजू सोडावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवेच्या नळीचे तोंड आणि नव्या गाड्यांतील संगणकाची डबी प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधावी. किटण मऊ करणारे द्रावण ब्रशाने लावून थोडा वेळ मुरू द्यावे आणि पाणी मंद धारेने सोडावे, कारण जोराचा झोत वायरींच्या जोडांत व प्लगच्या खळग्यांत शिरतो आणि मग गाडी वॉशिंग सेंटरच्या दारातच हटून बसते. शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने कानाकोपरा कोरडा करावा. डिझेलच्या फवाऱ्याचा मोह आपल्याकडे फार. त्याने चकाकी येते हे खरे, परंतु रबरी होज पाइप व बेल्ट त्याने फुगून सैल पडतात, उरलेल्या थरावर धूळ दुप्पट बसते, आणि तप्त सायलेन्सरजवळ ज्वालाग्राही द्रव शिंपडण्याचे साहस ज्याचे त्याने ठरवावे.

किटणाच्या थराखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर. तो चेसिस नंबराबरोबर आर.सी. बुकाशी ताडून पाहिला जातो, आणि वाचता न आल्यास अंमलदार गाडी परत पाठवू शकतात. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वाहन नोंदणीत परभणीचा क्रमांक २२ आणि हिंगोलीचा ३८. परभणीचा क्रमांक वागवीत आजवर तग धरून असलेल्या जुन्या जीपगाड्यांची इंजिने मध्यंतरी कोठे कोठे बदललेली असतात, आणि बदललेल्या इंजिनाची खबर चौदा दिवसांत नोंदणी दफ्तरास द्यावी असा कायदा असला तरी ती दिलेली असतेच असे नाही. आठ दिवस आधी धुतले आणि आकडे जुळले नाहीत, तर खरेदीची पावती शोधून अर्ज करण्यास निदान अवधी तरी मिळतो.